मागचं दार

तांदळाच्या डब्यामागं मी हात घातला तो माझी बाटली शोधायला, आणि हाताला लागलं दप्तर.

प्रणिताचं, माझ्या मुलीचं, जुनं निळं दप्तर होतं ते. पट्टा तुटला म्हणून जूनमध्ये तिला नवीन घेतलं, तेव्हा हे टाकून दिलं असं मी धरून चाललो होतो. आता तो पट्टा जाड दोऱ्यानं पक्का शिवलेला होता. शालन, माझी बायको, घरी ब्लाऊज शिवायची. टाका तिचाच होता. मी कानोसा घेतला. ती परड्यात दगडावर धुणं आपटत होती, दोन्ही पोरं न्हाणीत होती. मी दप्तर उघडलं.

आत वही-पुस्तक काही नव्हतं. धाकट्या बाळूच्या दोन चड्ड्या, दोन शर्ट. प्रणिताचा एक फ्रॉक. एक कानटोपी. तापाच्या औषधाची निम्मी बाटली. बिस्किटांचे दोन पुडे. तळाशी एक किल्ली, तिला लाल लोकर बांधलेली. त्या किल्लीचं कुलूप आमच्या घरात नव्हतं. आणि वहीचं घडी घातलेलं पान. त्यावर प्रणिताच्या गोल अक्षरात दोन फोन नंबर : एक निपाणीच्या मामाचा, एक शाळेतल्या मगदूम बाईंचा. त्याखाली शालनच्या अक्षरात एकच ओळ होती. 'आधी आक्का, मग मामा.'

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. बायको पोरं घेऊन निघून जायच्या तयारीत आहे, एवढं कळायला फार शिक्षण लागत नाही. प्रश्न एवढाच होता, की हे कुणाच्या जिवावर.

सगळं होतं तसं भरून मी दप्तर जागच्या जागी ठेवलं. बाटली त्या दिवशी सापडलीच नाही.

तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, हरळवाडी नावाच्या गावात, गुरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा. पण खरे डॉक्टर तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायचे, म्हणून गाव मलाच डॉक्टर म्हणायचं. अडलेली म्हैस सोडवायला माझ्यासारखा हात त्या भागात नव्हता, हे मी आजही सांगेन. म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं, की मालक आतून बाटली घेऊन यायचा. नको म्हटलं तर माणूस दुखावतो. मी कधी कुणाला दुखावलं नाही. पण मी स्वतःला दारुडा समजत नव्हतो. दारुडा म्हणजे बाजारकट्ट्यावर आडवा पडलेला बाबू शिंत्रे. मी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखाना उघडत होतो. पोरांच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं.

प्रणिता न्हाऊन आली तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझं ते निळं दप्तर कुठाय गं? किनेकरांच्या पोरीला द्यावं म्हणतोय."

तिचा केस पुसणारा हात थांबला. क्षणभरच. मग ती म्हणाली, "ते फाटलंय पप्पा. आईनं कवाच टाकलं."

अकरा वर्षांची पोर. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, न अडखळता खोटं बोलली. जन्मल्यापासून माझ्याशी खोटं बोललेली नव्हती, असा माझा समज होता. बाळू तिच्या मागं टॉवेल गुंडाळून उभा होता, चार वर्षांचा. मी त्याला "ये इकडं" म्हणून हात पुढं केले. तो आला, पण आधी त्यानं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. तिनं किंचित मान हलवली, तेव्हा आला.

हे कधीपासून होतं? मला आठवेना. पण एकदा नजर त्या बाजूला वळली, तसं दिसत गेलं.

पोरांची अंथरुणं आधी आतल्या खोलीत असायची, ती आता स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ पडत होती. "आत उकडतंय," असं शालन म्हणाली होती. मोटारसायकलची किल्ली खिळ्याला असायची, ती आता संध्याकाळी तिथं नसायची. सकाळी परत दिसायची. दोघा पोरांच्या चपला पुढच्या दारात असायच्या, त्या मागच्या उंबऱ्याशी, तोंड बाहेर करून, शेजारी शेजारी ठेवलेल्या. असल्या बारीक गोष्टी कोण बघतो? पण मी आता पोलिसासारखा बघायला लागलो होतो.

रात्रीच्या जेवणाला मी म्हणालो, "निपाणीला जाऊन यायचंय काय? बरेच दिवस गेली न्हाईस."

शालननं भाकरी तव्यावर उलटली. "आता कशाला? दिवाळीला बघू."

"न्हाई, तुझ्या भावाची आठवण येत असंल म्हणून म्हटलं."

"येती की. पण आठवण आली म्हणून लगेच जाता येतंय व्हय?"

तिचा आवाज साधा होता. इतका साधा, की मला त्यातच काळंबेरं दिसलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, वाडीवर लसीकरण आहे असं सांगून मी निघालो आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो. त्या खोलीच्या खिडकीतून आमच्या क्वार्टरचं परडं दिसायचं. आमच्या परड्याला लागून तातोबा कुंभारांचं परडं. मध्ये कंबरेएवढी दगडी गडग्याची भिंत. तातोबा रिटायर पोस्टमन, बायको हौसाक्का. त्यांची मुलं मुंबईला, म्हणून दोघंच असायची. त्यांच्याकडं फोन होता. कागदावरची आक्का ती हीच, हे मला कळलं होतं.

साडेअकराला दिनकर सुतार आला.

दिनकर तिशीतला, बायको नांदत नव्हती म्हणून एकटा. तो हौसाक्कांच्या मागच्या दाराशी हत्यारांची पिशवी ठेवून उभा राहिला. जरा वेळानं शालन भिंतीशी गेली. दोघं बोलायला लागली. ती हात कंबरेएवढ्या उंचीवर धरून त्याला काहीतरी दाखवत होती, तो मान हलवत होता. मग तो काहीतरी बोलला आणि शालन हसली. तिला हसताना मी किती महिन्यांनी बघत होतो ते सांगता येणार नाही. हौसाक्का बाहेर आल्या, त्यांनी पदरातून काहीतरी काढून शालनच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारीसुद्धा यात आहे, मी मनात म्हणालो. अख्खी गल्ली यात आहे.

दुपारी शाळा मधल्या सुट्टीत सुटली तेव्हा शालन मगदूम बाईंशी शाळेच्या फाटकात बोलताना दिसली. बाईंनी इकडंतिकडं बघून तिचा हात हातात घेतला. मी औषधांच्या कपाटातून दारूची क्वार्टर काढली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ती रागानं प्यावीशी वाटली, आणि मग रागानंच प्यावीशी वाटली नाही. प्यायलेल्या माणसाला कुणी काही कबूल करत नाही. मला यांना शुद्धीत पकडायचं होतं.

ती कल्पना मला त्या खोलीत सुचली. मी प्यायलो की घरात काय चालतं, ते मला सकाळी आठवायचं नाही. तेव्हाच यांचा डाव चालत असणार. दिनकर येत असेल, निरोप जात असतील, सामान हलत असेल. मी प्यायल्याचं सोंग करून घरी जायचं. त्यांना वाटेल, हा गेला कामातून. आणि मी डोळे उघडे ठेवून सगळं बघायचं.

बुधवारी मी सकाळपासून थेंब घेतला नाही. दुपारी तीनला हात कापायला लागले. एका बैलाला इंजेक्शन द्यायचं होतं, ते मालकाला बैल घट्ट धरायला सांगून कसंबसं दिलं. पाठीला घाम सुटला होता. पाचला शर्टाच्या कॉलरवर आणि बाहीवर दारू शिंपडली. तोंडात घेतली नाही. तो वास नाकात घेऊन तोंड बंद ठेवणं किती अवघड असतं, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

सहाच्या सुमारास निघालो. अजून चांगला उजेड होता. वाटेत माझ्या लक्षात आलं, की प्यायल्यावर मी कसा चालतो हेच मला ठाऊक नाही. मग बाबू शिंत्रे डोळ्यांसमोर आणला आणि तसा चालू लागलो. फाटकाला धडकलो, कडी दोनदा वाजवली, काहीतरी बरळलो.

शालन ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. एकदाच, पायांपासून डोक्यापर्यंत. घाबरली नाही, चिडली नाही. सूप बाजूला ठेवून उठली आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "प्रणे, दूध बघ गं!"

मी दारातून आत बघत होतो. चूल थंड होती. चुलीवर काहीच नव्हतं.

प्रणिता पाटावर बसून गणितं करत होती. तिनं पेन वहीत ठेवला, वही मिटली, उठली. डब्यामागचं दप्तर काढून पाठीला लावलं. बाळू पत्र्याच्या डब्याशी खेळत होता, त्याच्यापुढं तिनं फक्त हात धरला. त्यानं का म्हणून विचारलं नाही, रडला नाही, डबा तिथंच सोडून हात धरला. चपलांत पाय घातले. दार उघडलं तेव्हा बिजागरी वाजली नाही. तिला तेल घातलेलं होतं. हे सगळं व्हायला मला फाटकापासून ओट्यापर्यंत यायला लागला एवढाच वेळ लागला असेल. दोन्ही पोरं परड्यातून वाकून, भिंतीच्या कडेनं, तिथं रचलेल्या दोन दगडांवर पाय ठेवून पलीकडं उतरली. पलीकडचं दार त्यांनी हात लावायच्या आधीच आतून उघडलं. ती आत गेली. दार लागलं.

दिनकर नव्हता. कुणीच नव्हतं. घरात मी होतो आणि शालन होती, आणि शालन मागच्या दाराकडं जायच्या वाटेत उभी होती. हातात काही नव्हतं. नुसती आडवी उभी.

"या," ती म्हणाली. "बसा. पाणी देते."

अशा आवाजात मी गुरांशी बोलायचो. लाथ मारणाऱ्या जनावराच्या जवळ जाताना.

अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, हे सांगायला मला लाज वाटते. मला राग आला होता. बायको पोरं शेजाऱ्याच्या घरात दडवते, माझ्यापासून! मी तिला बाजूला सारून मागच्या दारातून बाहेर पडलो, भिंत ओलांडली आणि हौसाक्कांचं दार ठोठावलं.

"प्रणिता! दार उघड!"

आतून तातोबांचा शांत आवाज आला. "डॉक्टर, पोरं जेवायला बसल्यात. सकाळी या."

"तातोबा, मी प्यायलेलो न्हाई. दार उघडा."

"व्हय, व्हय. सकाळी या."

"अहो खरंच न्हाई प्यायलो! सोंग केलं मी. नाटक! वास बघा पायजे तर." हे बोलताना माझ्याच शर्टाचा भपकारा माझ्या नाकात गेला.

"सकाळी बोलू, डॉक्टर."

मी दारावर आणखी एक थाप मारली. आणि मग आतून बाळूचा आवाज आला. दाराच्या अगदी पलीकडून, खालून.

"कोण हाय गं दीदी?"

प्रणिता म्हणाली, "कोण न्हाई. वारा हाय."

माझा हात उचललेला तसाच राहिला. ती घाबरून बोलली असती, चिडून बोलली असती, तर मी आणखी ओरडलो असतो. ती सवयीनं बोलली होती. भावाला रोज पाढे सांगावेत तशी. किती वेळा त्या दाराशी मी वारा झालो होतो?

मी मागं वळलो. शालन भिंतीच्या अलीकडं उभी होती. मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "तूच बघ. तोंडाचा वास बघ." आणि लहान पोरानं डॉक्टरपुढं उघडावं तसं तोंड उघडलं.

तिनं जवळ येऊन वास घेतला. माझे डोळे बघितले. दोन पावलं मागं सरली. मला वाटलं, आता तिच्या जिवात जीव येईल.

"शुद्धीत हायसा तुम्ही," ती म्हणाली.

"मग? तेच सांगतोय मघापासनं!"

"शुद्धीत असून पोरांना पळायला लावलासा?"

तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "प्यालेला माणूस एक वेळ मी समजून घेते. त्याला कळत न्हाई. पण तुम्हाला आज कळत हुतं. तरी केलासा. कशासाठी?"

"मला वाटलं तू दिनकरबरोबर…" एवढं बोललो आणि थांबलो. ते शब्द बाहेर आल्यावर किती घाण होते ते मलाच ऐकू आलं.

ती खाली दगडावर बसली. मग म्हणाली, "गेल्या महिन्यातला गुरुवार आठवतोय? किनेकरांच्या म्हशीचा?"

म्हैस आठवत होती. रेडकू पायाळू होतं, दोन तास लागले होते.

"बाळूला रेडकू दाखवायला म्हणून गाडीवर पुढं बसवून नेलासा. दिवेलागणीला एकटे आलासा. मी विचारलं, बाळू कुठाय? तुम्ही म्हणालासा, आत असंल बघ. आणि खाटेवर पडलासा."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"मी हलवलं, पाणी मारलं. तुम्ही घोरायला लागलासा. प्रणी एका वाटंनं पळाली, तातोबा सायकलवर दुसऱ्या वाटंनं. किनेकर म्हणाले, डॉक्टर पोराला घेऊनच गेलेत. मग वाटंत कुठं? तुम्हाला विचारायची सोय न्हाई. ओढ्याच्या पुलावर सापडला तो. प्रणीला सापडला. कठड्यावर बसला हुता. पाय पाण्याच्या बाजूला सोडून. अंधार पडत आलेला. आणि ओढा भरून चाललेला."

"खाली का न्हाई उतरला तो?" माझ्या तोंडून काय येत होतं ते मलाच कळत नव्हतं.

"त्याला पप्पांनी सांगितलं हुतं, हालू नको, मी आलोच. म्हणून तो हालला न्हाई. प्रणी बोलवायला लागली, तरी हालंना. पप्पा येऊ देत म्हणाला."

परड्यात अंधारायला लागलं होतं. कुठंतरी गाय हंबरत होती.

"मला सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. "सांगितलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना. तुम्ही म्हणालासा, वाढवून सांगू नको."

आणि मला आठवलं. पूल आठवला नाही, कठडा आठवला नाही, आजही आठवत नाही. पण तो चहा आठवला. कपाची कड उडालेली होती. समोर शालन काहीतरी सांगत होती, डोकं ठणकत होतं, आणि मी म्हणालो होतो, वाढवून सांगू नको. माझेच शब्द. ते सांगणं ऐकून मी दवाखान्यात गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून.

"त्या दिवशी मी ठरवलं," शालन म्हणाली. "तुमची सुटंल न सुटंल. त्याची वाट बघत पोरं ठेवायची न्हाईत. आक्कांना सांगितलं, बाईंना सांगितलं. माझ्या भावाला सांगितलं, फोन आला की गाडी घेऊन ये. मी तुम्हाला सोडून चालले न्हाई. पण सोडणार न्हाई असंही आता कुणाला वचन दिलेलं न्हाई."

त्या रात्री पोरं पलीकडंच झोपली. मी आतल्या खोलीत होतो, शालन बाहेर. दोघांपैकी कुणी जेवलं नाही.

सकाळी मी अंघोळ करून, ओले केस विंचरून, पुढच्या बाजूनं, रस्त्यानं हौसाक्कांकडं गेलो. तातोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत हाक मारली, "प्रणिता, बाळ, बाहेर येतीस काय? यायचं नसंल तर नको."

मी आत बघत उभा होतो. समोरच मागचं दार दिसत होतं. त्याला वरती एक जुनी कडी होती, आणि खाली, माझ्या कंबरेच्याही खाली, एक नवी कडी बसवलेली होती. पांढऱ्या लाकडावर रंधा मारलेला अजून ताजा होता. चार वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. दिनकर सुतारानं मंगळवारी ते काम केलं होतं. मी खिडकीत बसून जे बघितलं होतं, ते हे होतं. आणि दप्तरातली लाल लोकरीची किल्ली याच घराची असणार, आक्का-तातोबा घरी नसतील तेव्हासाठी.

प्रणिता आली. केस विंचरलेले, वेण्या घातलेल्या. आक्कांनी घातल्या असाव्यात. बाळू आत होता, त्याला तिनं आणलं नाही.

"प्रणे," मी म्हणालो, "काल मी प्यायलो नव्हतो."

"आई म्हणाली."

"मग आता भिऊ नको. आता मी…"

"पप्पा," ती म्हणाली, "आम्हाला ओळखता येत न्हाई."

"काय?"

"तुम्ही प्यालाय का न्हाई ते. आधी यायचं. काल आलं न्हाई. म्हणून आता आम्ही भ्या वाटलं की जाणार. तुम्ही प्यालेला नसलासा तरी."

तातोबा जमिनीकडं बघत होते. मी म्हणालो, "बरं."

"आणि मागनं यायचं न्हाई. दार वाजवायचं न्हाई. बाळू झोपंत उठतोय."

"बरं."

"आणि त्याला गाडीवर न्यायचं न्हाई."

"न्हाई नेणार."

तिनं मान हलवली, पण गेली नाही. पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबांसमोर म्हणा. सगळं. परत."

आणि मी म्हणालो. तातोबा कुंभार साक्षीला, हौसाक्का आतल्या दारात उभ्या, मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसमोर एकेक गोष्ट मोठ्यानं म्हटली. भीती वाटली की तुम्ही जायचं. मी मागं यायचं नाही. दार वाजवायचं नाही. बाळूला गाडीवर न्यायचं नाही. म्हणताना मधेच माझा आवाज बसला, तेव्हा ती थांबली. मी पुढचं म्हणेपर्यंत थांबली.

त्या दिवसापासून माझी सुटली, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सोळाव्या दिवशी मी प्यायलो. घरी आलो तेव्हा घरात कुणी नव्हतं, ताट झाकून ठेवलं होतं. मी परड्यात गेलो, भिंतीपर्यंत गेलो. पलीकडं दिवा दिसत होता. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि तिथूनच मागं फिरलो. एवढं एक कसं काय आठवलं कोण जाणे. त्यानंतरच्या तीन वर्षांत मी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, पहिल्यांदा सुटली नाही, दुसऱ्यांदा सुटली. त्या तीन वर्षांत मी सगळी वचनं मोडली. शालनला दिलेली, साहेबांना दिलेली, देवापुढं घेतलेली. प्रणिताला दिलेलं तेवढं मोडलं नाही. ती दोघं किती वेळा त्या दारातून गेली, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी हौसाक्का गेल्या. तातोबा आधीच गेले होते. बदली होऊन आम्हाला हरळवाडी सोडून वीस वर्षं झाली होती, पण दिवसकार्याला आम्ही सगळे गेलो. प्रणिता पुण्याहून आली. बाळूला आता कुणी बाळू म्हणत नाही. तो त्याच्या बायकोला घेऊन आला होता. जेवणं झाल्यावर आम्ही आक्कांच्या मागच्या सोप्यात बसलो होतो. बाळू बायकोला घर दाखवत होता.

"लहानपणी आम्ही सारखं इकडं यायचो," तो तिला सांगत होता. "तातोबाआजोबांकडं पोस्टाच्या तिकिटांची पेटी होती. कुठल्या कुठल्या देशांची. एकावर जिराफ होता. दीदी हात धरायची की मी पळतच सुटायचो. एकदा तर जेवणसुद्धा अर्धं सोडून आलो होतो. इतकं वेड होतं मला त्या तिकिटांचं." तो हसला आणि वळून म्हणाला, "होय का नाही गं दीदी?"

शालननं माझ्याकडं बघितलं नाही. मी प्रणिताकडं बघत होतो. ती वाटीतली सुपारी निवडत होती. तिनं मान वर केली, भावाकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"होय," ती म्हणाली. "तिकिटंच बघायला यायचो."